पोटगीचा आकडा कसा ठरतो: बांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

माझ्या बँक स्टेटमेंटच्या झेरॉक्सवर समोरच्या वकिलांनी गुलाबी हायलायटरने सत्तावीस ओळी रंगवून आणल्या होत्या. प्रत्येक ओळ बाराशे रुपयांची. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या सात मुलांच्या फिया, पालकांनी यूपीआयने पाठवलेल्या. आणि माझ्या शपथपत्रात उत्पन्नाच्या रकान्यात मी लिहिलं होतं: निरंक.

लबाडी करायची म्हणून लिहिलं नव्हतं. ‘त्यात भाजीपाला सुटतो, ते काय उत्पन्न झालं?’ असंच मला वाटत होतं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून आधी त्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही बोलले नाहीत. सुधारित शपथपत्र द्या, एवढंच म्हणाले आणि पुढची तारीख दिली. माझे खर्च खरे होते, मुलीच्या शाळेच्या पावत्या खऱ्या होत्या, पण त्या दिवसापासून त्यातला प्रत्येक कागद पुन्हा चाळून बघितला गेला. बाराशेच्या ओळींनी माझी काही महिन्यांची वाट लावली.

नवऱ्याने घटस्फोटाची याचिका टाकली तेव्हा मुलगी तिसरीत होती. आता ती सातवीत आहे. मी लालबागला आईकडे राहते, वकील नाही, कायद्याचं शिक्षण नाही. या चार वर्षांत कळलं ते असं, की पोटगीचं कोणतंही ठरलेलं कोष्टक नाही. नवऱ्याचं आणि बायकोचं शपथपत्र शेजारीशेजारी ठेवतात, आकड्यांचा ताळा लागतो का बघतात आणि जिथे लागत नाही तिथे बोट ठेवतात. तो ताळा घरी बसून आधी तुम्ही लावा. खालचं सगळं त्यासाठी. प्रत्यक्ष अर्ज मात्र वकिलाला दाखवल्याशिवाय टाकू नका.

१. कोणत्या कायद्याखाली मागायचं ते आधी ठरवा

‘पोटगीची केस’ अशी एकच केस नसते, हे मला पहिल्या भेटीत वकीलबाईंनी सांगितलं तेव्हा मी गांगरले होते. मोटामोटी असं:

हिंदू विवाह कायदा, १९५५ (बौद्ध, जैन, शीख यांनाही हाच). घटस्फोटाची किंवा नांदायला येण्याची केस चालू असताना कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि केसचा खर्च मागता येतो. निकाल लागताना किंवा त्यानंतर कलम २५ खाली कायमची पोटगी. ही दोन्ही कलमं नवऱ्यालाही खुली आहेत. मुलांचा खर्च कलम २६ खाली.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘एकशेपंचवीस’च आहे. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा १४४ ने घेतली. घटस्फोटाची केस नसली तरी इथे मागता येतं, धर्म कोणताही असो.

कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५. कलम २० खाली पैसे आणि कलम १९ खाली राहत्या घराचा हक्क. हा अर्ज तुमच्या भागातल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो (अंधेरी, बोरिवली, कुर्ला वगैरे), पण कौटुंबिक न्यायालयात केस चालू असेल तर तिथेही हे मागता येतं.

नोंदणी पद्धतीने विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर कलम ३६ आणि ३७. हा १९५४ चा कायदा पोटगी फक्त पत्नीला देतो. ख्रिस्ती दांपत्यांसाठी १८६९ चा घटस्फोट कायदा आहे. पारशी दांपत्यांची प्रकरणं मुंबईत उच्च न्यायालयातल्या पारशी वैवाहिक न्यायालयात चालतात, बांद्र्याला नाही. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला १९८६ चा स्वतंत्र कायदा आहेच, शिवाय जुन्या कलम १२५ खालीही मागता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ ला पुन्हा स्पष्ट केलं.

इथला सापळा असा, की शेजारची कुणीतरी सांगते, ‘तिन्ही ठिकाणी टाक, कुठून तरी मिळेल.’ टाकता येतं, कायद्याने बंदी नाही. पण एका ठिकाणी मंजूर झालेली रक्कम दुसऱ्या ठिकाणी वजा होते, आणि आधीची केस लपवली तर ती अंगाशी येते. प्रत्येक नव्या अर्जात जुन्या हुकुमाचा उल्लेख करावा लागतो.

माझं प्रकरण सरळ होतं. याचिका त्याने टाकलेली, मी त्यातच कलम २४ आणि २६ चा अर्ज दिला.

आणखी एक. बांद्र्याचं न्यायालय मुंबई शहर आणि उपनगरासाठी आहे. संसार डोंबिवलीला झाला असेल आणि आता तुम्ही माहेरी परळला राहत असाल, तर २००३ च्या दुरुस्तीमुळे पत्नीला स्वतः राहते तिथल्या न्यायालयातही वैवाहिक याचिका टाकता येते. पत्त्याचा पुरावा मात्र परळचा लागेल. भाडेकरार नसेल तर आधार, रेशन कार्ड किंवा मुलाच्या शाळेचा दाखला, जे असेल ते.

२. पहिला दिवस

बांद्रा पूर्वेला उतरून बीकेसीची शेअर रिक्षा धरा आणि अकराच्या आत पोहोचा. बोर्डावर आपला नंबर बघा, पुकारा होईपर्यंत दारापासून लांब जाऊ नका. ई-कोर्ट्सचं ॲप फोनमध्ये घ्या आणि आपल्या केसचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक त्यात टाकून ठेवा. पुढची तारीख आणि हुकूम त्यातच दिसतात, दर वेळी वकिलांना फोन करावा लागत नाही.

सुरुवातीला तुम्हाला विवाह समुपदेशकाकडे पाठवतील. घाबरू नका. फी नसते, आणि तिथलं बोलणं गोपनीय राहतं. मी पहिल्या बैठकीत अर्धा तास सासूबाईंबद्दलच बोलत बसले. समुपदेशक बाई शांतपणे ऐकून म्हणाल्या, ‘ताई, महिन्याला किती लागतात तुम्हाला?’ मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला यावं.

कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क म्हणून मिळत नाही, परवानगी घ्यावी लागते. अर्ज दिला की ती मिळते. वकिलाची फी परवडत नसेल तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा. मोफत वकील मिळायला स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. पोटगी आणि घटस्फोटाच्या प्रकरणात स्त्रियांना महाराष्ट्रात न्यायालयीन शुल्कही माफ आहे, १९९४ पासून. कुणी ‘कोर्ट फी’ म्हणून मोठा आकडा सांगितला तर पावती मागा.

३. जमवायचे कागद

घर सोडायची वेळ आली असेल तर दागिन्यांच्या आधी हे कागद बघा. मूळ प्रती नाही मिळाल्या तर मोबाइलमध्ये फोटो तरी.

- लग्नाचा दाखला किंवा पत्रिका आणि फोटो, मुलांचे जन्मदाखले
- स्वतःच्या सगळ्या खात्यांची तीन वर्षांची स्टेटमेंट. सगळ्या म्हणजे सगळ्या, ते बंद पडलेलं पतपेढीचं पासबुकसुद्धा
- स्वतःचे आयकर विवरणपत्र, फॉर्म १६, पगारपत्रकं, जे असेल ते
- नवऱ्याच्या उत्पन्नाचं जे हाताशी असेल ते: जुनं पगारपत्रक, नेमणुकीचं पत्र, गृहकर्जाच्या अर्जाची प्रत, गाडीचं आरसी, भागीदारीपत्र, दुकानाचा परवाना, सातबारा
- शाळेच्या, क्लासच्या, स्कूलबसच्या पावत्या
- औषधांची बिलं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, स्वतःच्या आणि मुलांच्या
- संसार कसा चालायचा ते दाखवणारं काहीही: प्रवासाची तिकिटं, सोसायटीच्या देखभालीची बिलं, क्लबची वर्गणी

गृहकर्जाचा अर्ज या यादीत मी मुद्दाम लिहिला. बँकेकडून कर्ज काढताना माणूस आपलं उत्पन्न कमी करून कधीच सांगत नाही. धंदा करणाऱ्या नवऱ्याच्या बाबतीत हा एक कागद विवरणपत्रापेक्षा जास्त बोलतो.

त्याच्या ईमेलमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये पासवर्ड टाकून शिरू नका. नोकरीच्या ठिकाणाहून पगाराचा दाखला मागवण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. त्यासाठी साधा अर्ज पुरतो.

४. खर्चाची वही

माझ्या पहिल्या अर्जात खर्च असे होते: किराणा १०,०००, शाळा १०,०००, औषधपाणी ५,०००, प्रवास ५,०००, इतर १५,०००. एकूण ४५,०००. वकीलबाईंच्या ज्युनिअरने विचारलं, मी अंदाजाने सांगितलं, तिने टाइप केलं. समोरून पहिलाच प्रश्न आला, ‘इतर म्हणजे काय?’ गोल आकडे बघितले की कुणालाही कळतं की हे मोजलेले नाहीत.

मग मी दोनशे पानी वही घेतली आणि तीन महिने रोज रात्री लिहिलं. दूध, गॅस, वीजबिलातला वाटा, रिक्षा, लोकलचा पास, सॅनिटरी पॅड, मोबाइलचं रिचार्ज, मुलीचा बुटांचा जोड. तीन महिन्यांची बेरीज भागिले तीन केल्यावर महिन्याचा आकडा आला ३१,३४०. पंचेचाळीस हजारांपेक्षा चौदा हजारांनी कमी. पण या आकड्यातला एकही रुपया कुणाला खोडता आला नाही.

वही लिहिताना तीन गोष्टी सुटतात.

वर्षातून एकदा येणारे खर्च. जूनमधली पुस्तकं आणि गणवेश, शाळेची वार्षिक फी, विम्याचा हप्ता, गणपतीला गावी जायचं भाडं. हे वेगळ्या पानावर लिहा, बेरीज करा, बाराने भागा आणि महिन्यात मिळवा. माझ्या ३१,३४० मध्ये हे नव्हतंच. मिळवल्यावर आकडा ३५,८०० च्या आसपास गेला.

घरभाडं. ‘माहेरी राहते’ असं लिहिलं की समोरची बाजू म्हणते, घरभाडं शून्य, जेवण फुकट. आईच्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन माणसं वाढली तर तिचा खर्च वाढतोच. मी आईला दरमहा चार हजार देते. ते आधी हातात द्यायचे, नंतर तिच्या खात्यात टाकायला लागले, म्हणजे नोंद राहिली. आईला सुरुवातीला ते फार लागलं. ‘लेकीकडून खोलीचं भाडं घेऊ का मी?’ म्हणाली. तिला समजवायला त्या शपथपत्रापेक्षा जास्त वेळ गेला. वेगळं घर घ्यायचं असेल तर त्या भागातलं चालू भाडं काय आहे, तेही लिहा.

मुलाचा खर्च वेगळ्या पानावर ठेवा. का, ते दहाव्या पायरीत येईल.

५. शपथपत्र

४ नोव्हेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या प्रकरणात देशभरासाठी एक नमुना घालून दिला. प्रकरण आपल्याच राज्यातलं, नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेलं. पत्नीने अर्ज केला २०१३ मध्ये, १५,००० रुपये अंतरिम पोटगी मंजूर झाली २०१५ मध्ये. ती पदरात पडावी म्हणून सात वर्षं गेली. त्या निकालापासून दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यायचं, हे सक्तीचं आहे. अर्जदाराने अर्जासोबत द्यायचं, समोरच्याने जास्तीत जास्त चार आठवड्यांत. शेतीचं उत्पन्न असणाऱ्यांसाठी नमुना वेगळा आहे.

हा नमुना लांबलचक आहे आणि वकिलाचा ज्युनिअर घाईत भरतो. ते त्याच्यावर सोडू नका. नमुना घरी आणा, पेन्सिलीने भरा, मग टाइप करायला द्या. शेवटी एक भाग असतो, जोडीदाराच्या उत्पन्नाबद्दल तुम्हाला काय माहीत आहे याचा. बहुतेक जणी तिथे ‘भरपूर कमावतो’ असलं काहीतरी लिहितात. तिथे हुद्दा लिहा, कंपनीत कधीपासून, शेवटचा माहीत असलेला पगार, गाडी कोणती, फ्लॅट कुणाच्या नावावर, गावाला जमीन किती. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असं लिहा.

आणि उत्पन्न लपवू नका. शिकवणी, टिफिन, मेंदी, ब्लाउज शिवणं, ऑनलाइन साड्या विकणं, सगळं लिहा. शपथेवर खोटं लिहिल्याबद्दल कारवाई होऊ शकते ही गोष्ट वेगळीच. ती झाली नाही तरी न्यायाधीशांचा विश्वास उडतो. थोडं कमावता म्हणून पोटगी बंद होत नाही. पुरेसं कमावता का, हे बघितलं जातं. ‘कमावू शकते’ आणि ‘कमावते’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं आहे. पदवी आहे म्हणून पोटगी नाही, असा युक्तिवाद समोरून आला तर तुमच्या वकिलाला हे माहीत असतंच. तुम्हालाही असू द्या.

६. समोरचं पगारपत्रक वाचायला शिका

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो वसूल झाला.

त्याच्या शपथपत्रात लिहिलं होतं: दरमहा हातात ३५,०००. सोबत पगारपत्रक होतं. त्यावर एकूण पगार ९६,०००. मग एकसष्ट हजार गेले कुठे? वकीलबाईंनी मला पेन दिलं आणि म्हणाल्या, ‘प्रत्येक कपातीपुढे लिहा, ही कायद्याने होते की त्याच्या मर्जीने.’

कायद्याने होणाऱ्या तीनच निघाल्या. भविष्य निर्वाह निधी ५,७६०, व्यवसाय कर २००, आयकर ६,५४०. त्या वजा जाता ८३,५०० उरतात.

बाकीच्या मर्जीच्या. ऐच्छिक निर्वाह निधी ११,५००, पतपेढीच्या कर्जाचा हप्ता १८,०००. त्यामुळे पगारपत्रकावर खाली निव्वळ पगार ५४,००० दिसत होता. त्यातूनही शपथपत्रात गाडीचा हप्ता १३,५०० आणि विम्याचा ५,५०० वजा करून त्याने ३५,००० वर आणलं होतं.

ऐच्छिक निधी म्हणजे स्वतःचीच बचत. गाडी स्वतःच्या नावावर. असल्या कपाती न्यायालयं सहसा वजा धरत नाहीत, कारण तसं केलं तर जो जास्त कर्ज काढेल तो कमी पोटगी देईल. पतपेढीच्या कर्जाची तारीख बघितली तर ते माझ्या अर्जाची नोटीस मिळाल्यावर पाच आठवड्यांनी काढलेलं होतं. वकीलबाईंनी ती तारीख वाचून दाखवली आणि खाली बसल्या. बहिणीच्या लग्नासाठी किंवा आजारपणासाठी घेतलेलं जुनं कर्ज असतं तर गोष्ट वेगळी होती. म्हाताऱ्या आई-वडिलांचा खर्चही धरला जातो आणि धरला जावाच. माझ्या सासऱ्यांची औषधं त्याच्या शपथपत्रात होती, त्यावर आम्ही हरकत घेतली नाही.

नवरा नोकरी सोडून बसला तर? धडधाकट माणसाला ‘मी बेकार आहे’ म्हणून हात झटकता येत नाहीत. शिक्षण आणि आधीचा पगार बघून न्यायालय त्याचं उत्पन्न गृहीत धरतं. अंगमेहनत करूनही बायको-मुलांना पोसण्याची जबाबदारी राहते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आहे.

७. मग आकडा येतो कुठून?

‘पगाराच्या पंचवीस टक्के मिळतात’ हे वाक्य तुम्ही बाकावर बसल्या बसल्या दहा वेळा ऐकाल. २०१७ च्या एका प्रकरणात निव्वळ पगाराचे २५ टक्के योग्य ठरतील असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, तिथून ते आलं. तो त्या प्रकरणापुरता अंदाज होता. ‘तिसरा हिस्सा’, ‘पाचवा हिस्सा’ हेही असंच. लग्नाला दहा वर्षं व्हावी लागतात, हे तर कुठल्याच कायद्यात नाही.

बघितलं जातं ते हे: दोघांची सामाजिक आणि आर्थिक स्थिती, पत्नी आणि मुलांच्या वाजवी गरजा, दोघांचं शिक्षण आणि नोकरी, पत्नीचं स्वतंत्र उत्पन्न किंवा मालमत्ता, सासरी असताना राहणीमान कसं होतं, घरासाठी तिने नोकरी सोडली होती का, न कमावणाऱ्या पत्नीचा खटल्याचा खर्च, आणि पतीची ऐपत व त्याच्यावरच्या जबाबदाऱ्या. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आठ मुद्दे एका निकालात पुन्हा मांडले. त्याच महिन्यात दुसऱ्या निकालात असंही सांगितलं, की वेगळं झाल्यानंतर नवरा किती श्रीमंत झाला त्याच्याशी बरोबरी करायला पोटगी नसते.

यातला ‘नोकरी सोडली होती का’ हा मुद्दा बायका विसरतात. मुलगी झाल्यावर मी एका खासगी कंपनीतलं अकाउंट्सचं काम सोडलं होतं. राजीनाम्याचं पत्र आईच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली सापडलं. ते जोडलं.

माझ्या बाबतीत हिशोब असा लागला. त्याचं धरलेलं उत्पन्न ८३,५००. माझं ८,४००. आमचा दोघींचा खर्च ३५,८००. अंतरिम हुकूम झाला: मला १२,०००, मुलीला १०,०००. शाळेची वार्षिक फी त्याने वेगळी भरायची. पंचेचाळीस हजार मागितले होते, बावीस मिळाले. आई म्हणाली, ‘अर्धे पण नाही!’ मला मात्र पहिल्यांदाच वाटलं की आकडा कुठून आला ते मला कळतंय.

८. कधीपासून?

कलम २४ चा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. २०२० च्या निकालात अंतरिम पोटगीसाठी चार ते सहा महिने सांगितलेत. मला चौदा लागले. त्यातला बराच वेळ माझ्याच ‘निरंक’ने आणि समोरच्यांनी मागितलेल्या मुदतींनी खाल्ला.

पण पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. चौदा महिन्यांचे २२,००० प्रमाणे ३,०८,००० झाले. मधल्या काळात त्याने शाळेत परस्पर ४८,००० भरले होते, ते वळते होऊन २,६०,००० राहिले. न्यायालयाने दहा हप्ते बांधून दिले. म्हणून अर्ज उशिरा टाकू नका. ‘बघू, समेट होतोय का’ म्हणत मी सात महिने काढले, त्या सात महिन्यांचं काहीच मिळालं नाही. अर्ज टाकूनही समेटाचं बोलता येतं.

९. हुकूम झाला, पैसे आले नाहीत

हुकुमाच्या दिवशीच नकलेसाठी अर्ज द्या. वसुली अर्जासोबत सही-शिक्क्याची नक्कल लागते. बँक खात्याचा तपशील आणि दर महिन्याची तारीख हुकुमात लिहून घ्या. रोख घेऊ नका, भावाच्या खात्यातही नको.

दोन-तीन महिने थकले की लगेच वसुलीचा अर्ज करा. पगारातून परस्पर कपातीचा आदेश होऊ शकतो, नोकरदाराच्या बाबतीत हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. कलम १४४ खालचा हुकूम असेल तर वॉरंट निघतं आणि प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पण त्या वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. माझ्याबरोबर बाकावर बसणाऱ्या एकीने ‘कशाला कटकट’ म्हणत दीड वर्ष काढलं आणि आधीच्या महिन्यांचं वॉरंट हातचं घालवलं.

१०. एकरकमी की दरमहा

बहुतेक प्रकरणं शेवटी संमतीच्या घटस्फोटावर येतात, आमचंही आलं. तिथे कलम २५ ची कायमची पोटगी दोघं मिळून ठरवतात आणि अटींच्या कागदावर सह्या होतात.

आधी साधं गणित. मला दरमहा १२,००० म्हणजे वर्षाला १,४४,०००. समजा एफडीवर सात टक्के व्याज आहे, तर वर्षाला एवढं व्याज यायला साधारण साडेवीस लाख ठेवावे लागतात. समोरून ‘आठ लाख घे आणि मोकळी हो’ असं आलं, तेव्हा मी हे गणित कागदावर करून मध्यस्थांपुढे ठेवलं. साडेवीस मिळत नाहीत. पण बोलणं आठपासून सुरू होण्याऐवजी वरून सुरू होतं.

कर: दरमहा येणारी पोटगी घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. एकरकमी मिळालेली भांडवली रक्कम असल्याने उत्पन्न धरत नाहीत. हा फरक प्रतापगडच्या राजघराण्यातल्या एका प्रकरणात आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेच केलेला आहे. देणाऱ्याला मात्र दोन्हीकडे वजावट नाही.

आता सापळे. मुलाची रक्कम तुमच्या रकमेत मिसळू नका, वेगळी लिहा. वहीत वेगळं पान ठेवायला सांगितलं ते यासाठी. ‘मुलीसाठीही पुढे काही मागणार नाही’ असं कलम आमच्या पहिल्या मसुद्यात होतं. मुलाचा हक्क आईला सोडून देता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलेलं आहे. तरी लोक लिहून घेतात. खोडायला लावा.

पैसे दोन-तीन टप्प्यांत ठरले तर शेवटचा मोठा टप्पा अंतिम हुकुमाच्या दिवशी, डिमांड ड्राफ्टने, न्यायालयात. पुढच्या तारखेचे चेक घेऊ नका. इतर सगळ्या केस मागे घ्यायच्या असं ठरलं असेल, तर आधी पैसे की आधी केस मागे, याचा क्रम कागदावर हवा. फ्लॅट नावावर करून मिळणार असेल तर दस्त अंतिम हुकुमाच्या आधी की नंतर, यावर मुद्रांक शुल्काचं गणित बदलतं. सही करण्याआधी ते विचारून घ्या.

आमचा सौदा मधला झाला: मला एकरकमी, मुलीला दरमहा, आणि दर दोन वर्षांनी तिच्या रकमेत दहा टक्के वाढ. वाढीचं कलम आपणहून कुणी घालत नाही, मागावं लागतं.

११. नंतर बदलतं का?

बदलतं. कलम २५ खालचा हुकूम परिस्थिती बदलली तर वाढवता, कमी करता किंवा रद्द करता येतो. नोकरी गेली, आजारपण आलं, पगार दुप्पट झाला, काहीही. पुन्हा लग्न केलं तर दरमहाची पोटगी थांबवायचा अर्ज समोरून येऊ शकतो, मुलाची मात्र त्यामुळे थांबत नाही.

हे वाचणाऱ्या पुरुषांसाठी दोन ओळी. हिंदू विवाह कायद्यात तुम्हीही मागू शकता. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने शिक्षिका असलेल्या पत्नीने पतीला दरमहा ३,००० द्यावेत हा आदेश कायम ठेवला होता. उत्पन्न खरोखर नाही हे मात्र दाखवावं लागेल. आणि द्यायची वेळ तुमच्यावर असेल, तर सहाव्या पायरीतलं पगारपत्रक समोरची बाजू कसं वाचेल हे धरूनच शपथपत्र लिहा. मुलाची फी भरत असाल तर रोख नको, स्वतःच्या खात्यातून भरा. ते ४८,००० वजा झाले ते पावत्या होत्या म्हणूनच.

वही मी बंद केलेली नाही. दहावीनंतर मुलीच्या कॉलेजचा खर्च दहा टक्क्यांच्या वाढीत बसणार नाही, तेव्हा पुन्हा अर्ज करावा लागेल. या जूनमध्ये तिची पुस्तकं १,८४० रुपयांची आली, पावती त्याच पानाला टाचून ठेवली आहे.